मिडलँड रेडचा मोटरवे कोच : वेग, कार्यशाळा आणि जतनाचा प्रश्न

प्रवासी वाहतुकीचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा रस्ते, कायदे आणि भांडवल यांकडे जाते. प्रत्यक्ष वाहनाला इतिहासाचे साधन मानण्याची प्रथा फारशी नाही. इंग्लंडमधील ‘मिडलँड रेड’ कंपनीच्या मोटरवे कोचचा विचार प्रस्तुत निबंधात याच दृष्टीने केला आहे.

२ नोव्हेंबर १९५९ रोजी तत्कालीन वाहतूकमंत्री अर्नेस्ट मार्पल्स यांच्या हस्ते ‘एम १’ या मोटरवेच्या पहिल्या मोठ्या टप्प्याचे उद्घाटन झाले आणि त्याच दिवशी मिडलँड रेडने बर्मिंगहॅम-लंडन जलद सेवा सुरू केली. जुन्या रस्त्याने पाच तासांहून अधिक वेळ घेणारा प्रवास सुमारे साडेतीन तासांवर आला. या सेवेसाठी ‘सीएम ५टी’ हा खास कोच सिद्ध करण्यात आला होता. त्याला टर्बोचार्जर जोडलेले आठ लिटरचे इंजिन, पाच गतींचा गिअरबॉक्स, डिस्क ब्रेक आणि प्रसाधनगृह होते. आसने अवघी ३४. ताशी ८५ मैल, म्हणजे सुमारे १३७ किलोमीटर, हा वेग त्याच्या आवाक्यातला होता. त्या काळी मोटरवेवर वेगमर्यादाच नव्हती, आणि दोन दिशांच्या मार्गांमध्ये संरक्षक कठडेही नव्हते!

तथापि वेगापेक्षा महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. १९०४ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी १९२३ पासून आपली वाहने स्वतःच बांधू लागली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर तर ही निर्मिती केवळ स्वतःच्याच ताफ्यासाठी होत असे. मुख्य अभियंता डोनाल्ड सिंक्लेअर यांच्या कारकिर्दीत बर्मिंगहॅममधील कार्लाइल कार्यशाळेने स्वतंत्र चासीला फाटा देऊन चासी आणि सांगाडा एकजीव असलेली रचना स्वीकारली. रस्त्यावर बस चालवणारी आणि बस घडवणारी संस्था एकच असल्याने चालकाची तक्रार थेट आरेखनापर्यंत पोहोचू शकत असे. नव्या रस्त्यासाठी नवे वाहन पहिल्याच दिवशी तयार असणे हे या व्यवस्थेचेच फळ मानावे लागेल.

डिसेंबर १९६५ मध्ये ताशी ७० मैलांची मर्यादा लागू झाली. त्याच सुमारास ३६ फूट लांबीचे ‘सीएम ६’ जातीचे कोच ताफ्यात दाखल होत होते. नमुना वाहन धरून त्यांची संख्या ३०. पुढे १९६९ मध्ये कंपनी राष्ट्रीय बस कंपनीच्या छत्राखाली गेली आणि १९७० मध्ये स्वतःची वाहने बांधणे थांबले.

जतनाची अडचण नेमकी येथून सुरू होते. मोठ्या कारखान्यांनी बनवलेल्या बसचे सुटे भाग अनेक ठिकाणी शोधता येतात. येथे मात्र उत्पादक आणि ग्राहक एकच होता. त्यामुळे हवा असलेला भाग एखाद्या भंगारात निघालेल्या भावंडाकडून मिळवावा लागतो, नाहीतर नव्याने घडवावा लागतो. एकजीव रचनेमुळे गंज हा केवळ पत्र्याचा प्रश्न राहत नाही. सांगाडा कमजोर झाला की संपूर्ण वाहनच खचते. त्यातून अभ्यासकाला सतावणारा प्रश्न असा की, गंजलेला भाग बदलत गेल्यावर उरलेले वाहन अस्सल म्हणायचे काय? आणि ते चालवायचे की नुसते पाहायचे? चालवल्यास मूळ भाग झिजतात, हे खरे. पण ज्या वस्तूचे सारे महत्त्व गतीत आहे ती कायमची उभी करून ठेवणे हे प्रस्तुत लेखकाला अर्धवट जतन वाटते.

वुस्टरशायरमधील विथॉल येथील वाहतूक संग्रहालयात ‘सीएम ६टी’ कोच जतन केलेला आहे. वाहनाबरोबरच दुरुस्तीच्या नोंदी, आरेखने आणि कारागिरांच्या मुलाखती यांचेही संकलन होणे निकडीचे आहे. कोणत्या बोल्टला किती ताण द्यायचा, सांगाड्याचा कोणता जोड आधी उघडायचा, हे ज्ञान बरेचदा कागदावर उतरलेले नसते. १९६६ मध्ये कार्लाइल कार्यशाळेत विशीत असलेला कारागीर आज ऐंशीच्या घरात आहे.