व्हॅक्सिन डेपो आणि एका शंकेचा इतिहास

टिळकवाडीतील 'व्हॅक्सिन डेपो' हे नाव आपणा बेळगावकरांच्या तोंडी इतके रुळले आहे की, त्यामागचा इतिहास सहसा कोणास आठवत नाही. मुंबई इलाख्याच्या काळापासून येथे देवीची लस तयार होत असे. पुढे देवीनिर्मूलनाच्या मोहिमेत गोठवून सुकवलेली लस बनवणाऱ्या देशातील चार संस्थांत बेळगावची संस्था होती. १९७७ मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला. अशा या गावातही 'लसीमुळे मूल स्वमग्न होते' अशी कुजबुज आमच्या कानी येते. म्हणून तिचा मागोवा घेणे अगत्याचे वाटते.

१९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी अकरा मुलांच्या नोंदींवरून स्वमग्नतेचे वर्णन केले. त्यानंतर कित्येक वर्षे दोष आईच्या माथी मारला गेला. तिच्या मायेत ओलावा नाही, असे पंडितही म्हणत. १९६४ च्या सुमारास अमेरिकेत रुबेलाची मोठी साथ आली. गर्भातच तिची बाधा झालेली २४३ मुले स्टेला चेस यांनी तपासली. त्यांपैकी १८ मुलांत स्वमग्नतेची पूर्ण वा आंशिक लक्षणे आढळल्याचे त्यांनी १९७१ मध्ये नोंदवले. त्या काळी हे प्रमाण दहा हजारांत चार-पाच मानले जाई. संसर्गाशी झुंजताना आईच्या शरीरात निर्माण होणारी द्रव्ये गर्भाच्या मेंदूच्या घडणीत व्यत्यय आणत असावीत, असे पुढे उंदरांवरील प्रयोगांनी सुचवले. २००५ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांना स्वमग्न व्यक्तींच्या मेंदूत दाहाच्या खुणा दिसल्या. तथापि आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, आणि प्रतिकारशक्तीचा सहभाग अद्याप शक्यतेच्याच कोटीत आहे.

लसीवरील आरोप मात्र १९९८ च्या, अवघ्या बारा मुलांवरील एका इंग्रजी निबंधातून पसरला. 'लॅन्सेट'ने तो २०१० मध्ये मागे घेतला. डेन्मार्कमधील साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या २०१९ च्या पाहणीतही गोवर-गालगुंड-रुबेला लसीचा स्वमग्नतेशी संबंध आढळला नाही.

गोवर-रुबेला लसीची मोहीम कर्नाटकात फेब्रुवारी २०१७ मध्ये, तर महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. निपाणीच्या मुलांना ती कागलच्या मुलांआधी लाभली. संशयाची सुई ज्या रोगाकडे वळते, त्यालाच ही लस अडवते. तेव्हा घरात असे मूल असल्यास लसीला बोल लावू नये, आणि त्याच्या आईला तर मुळीच लावू नये.