क्रीडासंस्थांतील कर्मचाऱ्यांचे मन कामातून का उठते?

कर्मचारी नोकरी सोडत नाही, हजेरीही चुकवत नाही. मात्र नेमून दिलेल्या कामापलीकडे कशातही स्वतःहून लक्ष घालत नाही. कामाविषयीच्या या अलिप्ततेची मांडणी अमेरिकी अभ्यासक विल्यम कान यांनी १९९० मध्ये केली. उन्हाळी शिबिरातील प्रशिक्षक आणि वास्तुरचनाकारांच्या कार्यालयातील कर्मचारी यांचा अभ्यास करून त्यांनी कामात मन राहण्याच्या तीन अटी सांगितल्या : काम अर्थपूर्ण वाटणे, मोकळेपणाने वागण्या-बोलण्याची भीती नसणे आणि कामासाठी शारीरिक-मानसिक बळ शिल्लक असणे.

क्रीडाक्षेत्रात पहिली अट बहुधा पूर्ण झालेली असते, कारण खेळाच्या ओढीनेच माणूस या नोकरीत येतो. अडचण उरलेल्या दोन अटींची असते. कर्नाटकातील बिदर आणि कलबुर्गी या सीमावर्ती जिल्ह्यांच्या संदर्भात ती स्पष्ट होते.

अस्थैर्य

१९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असलेल्या या भागाचा अनुशेष लक्षात घेऊन २०१२ च्या ९८व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१ (जे) आणला आणि स्थानिकांना शासकीय नोकऱ्यांत आरक्षणाची वाट मोकळी झाली. तथापि, नोकरीतील स्थैर्य नेमणुकीच्या स्वरूपावर अवलंबून असते. ‘कर्नाटक राज्य विरुद्ध उमादेवी’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १० एप्रिल २००६ रोजी निकाल दिला, की केवळ दीर्घ सेवेच्या आधारे तात्पुरत्या कर्मचाऱ्यास कायम होण्याचा हक्क मिळत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ‘जग्गो’ प्रकरणात याच न्यायालयाने त्या निकालाचा आधार घेऊन दीर्घकाळ राबलेल्यांचे रास्त दावे डावलण्यास हरकत घेतली.

खेळाडू घडण्यास अनेक वर्षे लागतात. करारावरील प्रशिक्षकाला मात्र पुढील वर्षाचीही खात्री नसते. ज्याच्या हाती मुदतवाढ, त्याच्यासमोर मैदानाची दुरवस्था किंवा निवडीतील पक्षपात मांडण्यास तो कचरतो. हळूहळू सुचवणे थांबते, मग पाहणेही.

थकवा आणि अंतर

सराव पहाटे आणि सायंकाळी, मधल्या वेळेत कागदपत्रे आणि सुट्टीच्या दिवशी स्पर्धा, असा प्रशिक्षकाचा दिनक्रम असतो. बिदरपासून हैदराबाद सुमारे १४० किलोमीटरवर, पण राज्याची राजधानी बंगळूर सुमारे ७०० किलोमीटर दूर आहे. त्यामुळे वरिष्ठ कार्यालयातील प्रत्यक्ष पाठपुराव्यात दिवस जातात. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतील मराठी भाषकांना घरी मराठी आणि कार्यालयात कन्नड, असा दुहेरी व्यवहार सांभाळावा लागतो.

उपाय

केवळ प्रेरणादायी व्याख्यानांनी ही अलिप्तता दूर होत नाही. अनेक वर्षांचा लेखी करार, निश्चित साप्ताहिक सुट्टी, किरकोळ दुरुस्तीचे अधिकार जिल्हा पातळीवर आणि खेळाडूच्या नोंदीत पहिल्या प्रशिक्षकाचे नाव, हे उपाय अधिक परिणामकारक ठरू शकतात. २०२३ मध्ये ३७व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा भरविणाऱ्या गोव्यालाही हे लागू आहे. स्पर्धा संपल्यानंतर मैदाने जिवंत ठेवण्याचे काम तेथील प्रशिक्षक आणि देखभाल कर्मचारीच करतात.