डेअरीच्या संगणकाची चावी कुणाकडे? डेटाबेसची खाती व पासवर्ड असे सांभाळा

डेअरीत दूध घातलं की लिटर, फॅट, एसएनएफ आणि रक्कम संगणकात जाते. ही नोंद जिथे साठते तो डेटाबेस. मायएसक्यूएलसारखा डेटाबेस सर्व्हर बसवताना 'रूट' हे मुख्य खाते तयार होते. हे खाते ज्याच्या हातात, तो कुठलीही नोंद बदलू शकतो, सगळा हिशेब पुसूही शकतो. म्हणून बसवतानाच एवढं करून घ्या :

• रूटला लांब पासवर्ड द्या. गावाचं नाव, मोबाईल नंबर, १२३४५६ नको.

• रोजच्या कामाला रूट नको. दूध संकलनाच्या सॉफ्टवेअरसाठी वेगळं खातं काढा, त्याला गरजेपुरतेच अधिकार द्या. हिशेब तपासणाऱ्याला फक्त पाहण्याचा अधिकार पुरे.

• निनावी खाती काढून टाका. रूटला बाहेरच्या संगणकावरून प्रवेश बंद ठेवा.

• माणूस काम सोडून गेला की त्याचं खातं त्याच दिवशी बंद करा.

• रूटचा पासवर्ड एकट्या सॉफ्टवेअरवाल्याकडे ठेवू नका. बंद पाकिटात संस्थेच्या कपाटातही ठेवा. उद्या त्याने फोन उचलला नाही, तर सभासदांचं बिल अडायला नको.