पौर्णिमेच्या आधीचा शुक्रवार

यॉर्कशरमधल्या हडर्सफील्ड या लोकरीच्या गिरण्यांच्या गावात, ७ जून १८३६ रोजी, ‘प्लाऊ इन’ नावाच्या खानावळीत १६ माणसं जमली आणि हडर्सफील्ड कोरल सोसायटी सुरू झाली. तिच्या पहिल्या नियमांतला एक मला फार आवडतो. महिन्याची बैठक पौर्णिमेला किंवा तिच्या आधी येणाऱ्या शुक्रवारी घ्यायची. माणसं टेकड्यांवरच्या वस्त्यांतून पायी यायची, गाणं संपल्यावर घरी जायला चांदणं हवं. प्रत्येकाला ठरलेल्या मापाची बिअर आणि पाव-चीज मिळे. १८४२ मध्ये मात्र एक कडू नियमही आला. रॉबर्ट ओवेनच्या समाजवादी अनुयायांच्या सभागृहात जो जाईल, त्याला सभासदत्व नाही. गाणं सगळ्यांचं होतं, संस्था सगळ्यांची नव्हती.

मी याच भागातल्या एका हौशी गायकवृंदात आल्टो, म्हणजे बायकांचा खालचा आवाज, गाते. डिसेंबर आला की हॅन्डेलचा ‘मसाया’ ठरलेला. १७४२ मध्ये डब्लिनला प्रथम झालेली ही रचना इथल्या लोकांच्या अंगवळणी पडली आहे. माझ्या शेजारी गाणाऱ्या आजींनी एकदा त्यांच्या आजीची प्रत आणून दाखवली. ती आजी गिरणीत मागावर होती. पाच रेघांची पाश्चात्त्य स्वरलिपी तिला कधीच वाचता आली नाही. त्या प्रतीत त्या पाच रेघा नव्हत्याच. नुसती अक्षरं, मध्ये टिंबं आणि आडव्या रेघा. डो, रे, मी, फा. मी पान वाचायला लागले आणि चकित झाले. डो कुठल्याही पट्टीत धरायचा, बाकीचे स्वर त्याच्या नात्यानं लावायचे. मिरजेला आमच्या गाण्याच्या बाई पेटीवर आज काळी दोन धरायच्या, उद्या पांढरी चार, आणि सा तिथून सुरू व्हायचा. तेच हे.

ही पद्धत म्हणजे टॉनिक सोल्फा. मूळ काम नॉरिचच्या सारा ग्लोव्हर या शिक्षिकेचं. शाळेतल्या मुलींना प्रार्थना सुरात म्हणता याव्यात म्हणून तिनं ते केलं. जॉन कर्वेन या धर्मोपदेशकाला १८४१ मध्ये हे काम सोपवलं गेलं की रविवारच्या शाळांत गाणं शिकवण्याची सर्वांत सोपी रीत शोधून काढ. त्याला स्वतःला स्वरलिपी वाचणं जड जात होतं, म्हणूनच अडाणी माणसाची अडचण त्याला कळली असं मला वाटतं. त्यानं ग्लोव्हरची पद्धत घेतली, बदलली आणि देशभर पसरवली. पुढे मिशनऱ्यांबरोबर ती आफ्रिकेत गेली. इनॉक सोन्टोन्गानं १८९७ मध्ये ‘न्कोसी सिकेलेली आफ्रिका’ हे गीत रचलं ते याच लिपीत.

दुसरी गोष्ट किमतीची. १८३७ मध्ये ‘मसाया’ची गायकांसाठीची प्रत २१ शिलिंगांना होती. हातमागावरच्या विणकराची आठवड्याची कमाई त्याहून कमी. नोव्हेलो या प्रकाशकानं १८४६ पासून तीच रचना सहा-सहा पेन्सच्या मासिक हप्त्यांत छापली, आणि १८८७ पर्यंत अख्खी प्रत १ शिलिंगाला मिळू लागली. यॉर्कशरच्या लोकांचे आवाजच देवानं दिलेले, असं इथे अभिमानानं सांगतात. मला ते पटत नाही. आवाज मिरजेतही होते. इथे शंभर माणसं चार वेगवेगळ्या ओळी एकाच वेळी गाऊ शकली, कारण प्रत्येकाच्या हातात परवडणारा आणि वाचता येणारा कागद होता.

आवाज ओळखणारे कान मात्र होते, आणि ते कुठेही असत. ब्रिगहाउसच्या एका माळ्याची मुलगी गाताना ल्यूक सेटल या लोहारानं ऐकली. तो गायकवृंदही चालवायचा. त्यानं तिला शिकवलं. तीच सुसान सन्डरलंड. नवरा कसाई. १८५८ मध्ये राणी व्हिक्टोरिया लीड्सचा टाउन हॉल उघडायला आली तेव्हा ती तिथे गायली. १८६४ मध्ये तिनं गाणं थांबवलं. तिच्या नावानं १८८९ पासून सुरू झालेली स्पर्धा हडर्सफील्डमध्ये अजून चालू आहे.

गाणं असं कागदावर उतरवणं आपल्याकडे कुणाला सुचलंच नाही असं नाही. कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि स्वरलिपीसह पुस्तकं छापली. पण गावोगावच्या भजनी मंडळांच्या चाली बहुतेक गळ्यातून गळ्यातच राहिल्या. त्यामुळे त्यांना जी मोकळीक मिळाली ती मला मोलाची वाटते. कागदावरच्या गाण्यात बुवांना ऐनवेळी आलाप घेता येत नाही. तरी एखादे बुवा गेले की त्यांच्याबरोबर चालीही जातात, हे मी माझ्या माहेरी पाहिलं आहे. तुमच्या मंडळात जुनी चाल येणारं कुणी असेल तर या एकादशीला त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. सा रे ग म मध्ये, जमेल तसं, पण लिहून घ्या.