गर्दीच्या गावात रात्रीचा निवारा: वऱ्हाडच्या डेबूजींनी हाती घेतलेला प्रश्न

१/ नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर १८, १९ आणि २१ जानेवारी २०२५ या तीन रात्री कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले. तिकीट मिळवणे हीच मोठी लढाई होती. पण ती जिंकून आलेल्या अमरावती-अकोल्याकडच्या तरुणांपुढे लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला. रात्री राहायचे कोठे? कार्यक्रम दहाच्या सुमारास संपणार आणि अमरावतीची गाडी तर मुंबईहून आठच्या आसपासच सुटलेली असणार. मैदानालगतच्या हॉटेलांचे दर तोवर कित्येक पटींनी चढले होते.

२/ त्याआधी, १४ ऑक्टोबर २०२३ रोजी अहमदाबादेत भारत-पाकिस्तान सामना होता. हॉटेले भरली तेव्हा काही प्रेक्षक रुग्णालयांकडे वळले. संपूर्ण शरीरतपासणीच्या निमित्ताने रात्रीपुरती खाट मिळेल का, अशी विचारणा त्यांनी केल्याच्या बातम्या त्या वेळी वर्तमानपत्रांत आल्या होत्या. वाचताना हसू येते. या बातमीकडे आपण धाग्याच्या शेवटी पुन्हा येऊ, कारण रुग्णालय आणि मुक्काम यांचे नाते त्याहून बरेच गंभीर आहे.

३/ हा प्रश्न स्टेडियमइतका नवा नाही. जेथे ठरावीक दिवशी लाखो माणसे जमतात, तेथे ऐन वेळी आलेल्या, ओळखपाळख नसलेल्या माणसाला रात्रीची जागा कोण देणार? आज निवड पैशाच्या थैलीवर होते. शंभर वर्षांपूर्वी ती आधी जातीवर होत असे, पैशाचा विचार नंतर. महाराष्ट्रात या प्रश्नाला सर्वांत थेट भिडलेला माणूस आपल्या वऱ्हाडचा होता. धागा मोठा आहे, सावकाश वाचावा.

४/ त्या काळी महाराष्ट्रातली सर्वांत मोठी गर्दी म्हणजे आषाढी-कार्तिकीचे पंढरपूर. वऱ्हाडचे या गावाशी नाते जुने. अमरावती जिल्ह्यातील कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर मानले जाते आणि तेथून पालखी पायी पंढरीला जाते. दिंडीतला वारकरी मुक्कामाच्या बाबतीत निर्धास्त असतो. त्याचा फड असतो, मठ असतो, राहुटी असते. विणेकऱ्याने जागा धरली की शंभर माणसांची सोय झाली.

५/ रेल्वेने हे गणित बदलले. १८६७ साली जी. आय. पी. रेल्वे नागपूरला पोहोचली आणि अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा ही गावे मुंबईशी जोडली गेली. १९०६ मध्ये बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद मार्ग पंढरपुरात आला. आता वऱ्हाडातला शेतकरी भुसावळ, मनमाड, दौंड, कुर्डुवाडी असे टप्पे घेत दशमीच्या दिवशीही पंढरपूर गाठू शकत होता. मात्र तो दिंडीवाचून, एकटा किंवा कुटुंबासह येत असे. ‘ऐन वेळी पोहोचणे’ ही सोय रेल्वेने दिली. ऐन वेळी राहण्याची सोय तिने दिली नाही.

६/ ज्यांचे पुरोहित ठरलेले असत, ते त्यांच्या वाड्यात उतरत. ज्यांच्या जातीचा मठ किंवा धर्मशाळा असे, ते तेथे जात. उरलेल्यांना चंद्रभागेचे वाळवंट होते. आषाढात वाळवंटावर रात्र काढणे म्हणजे काय, हे पावसात भिजलेली वळकटी ज्याने पिळली आहे त्यालाच कळेल. आणि या ‘उरलेल्यांत’ अस्पृश्य मानलेले वारकरी तर ठरलेलेच असत. त्यांच्याकडे पैसे असले तरी दार उघडत नसे.

७/ त्यांचे दर्शनही नामदेव पायरीजवळच्या चोखोबांच्या समाधीपाशी थांबे. एका परंपरेनुसार या चोखोबांचे जन्मगाव बुलढाणा जिल्ह्यातील मेहुणाराजा, म्हणजे वऱ्हाडातलेच. सहाशे वर्षे लोटली तरी त्यांच्या वाटेने येणाऱ्यांना देवळाबाहेर उभे राहावे लागत होते आणि रात्री गावाबाहेर पडून राहावे लागत होते. मंदिरप्रवेशाचा इतिहास आपण वाचतो. मुक्कामाचा फारसा वाचत नाही.

८/ पैसे आणि शिक्षण असूनही दार बंद राहते याचा पुरावा हवा असेल तर १९१७ सालचे बडोदे पाहा. कोलंबिया आणि लंडन येथे शिकून आलेले तरुण भीमराव आंबेडकर संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यासाठी तेथे गेले. हिंदू हॉटेल आपल्याला घेणार नाही, हे त्यांना ठाऊक होते. अखेर एका पारशी सराईत, नोंदवहीत पारशी नाव लिहून, दिवसाला दीड रुपया भाड्याने वरच्या मजल्यावरची खोली मिळाली. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला पारशांचा जमाव दारात उभा राहिला.

९/ दोन मित्रांकडे विचारणा झाली. एक हिंदू, दुसरा ख्रिस्ती. दोघांनीही आपापल्या घरच्या अडचणी पुढे केल्या. मग रात्री नऊच्या मुंबई गाडीपर्यंतचे पाच तास त्यांनी कामाठी बागेत बसून काढले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात त्यांनी हा प्रसंग नोंदवला आहे. ज्यांनी अजून वाचले नसेल त्यांनी अवश्य वाचावे. फार तर तासाभराचे वाचन आहे.

१०/ बहुतेक चरित्रांत पंढरपूरच्या चोखामेळा धर्मशाळेचे वर्षही १९१७ हेच दिले जाते. ती उभारणारा माणूस निरक्षर होता. डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावी, परीट कुटुंबात. वडील लवकर गेल्यामुळे बालपण अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूरजवळच्या दापुरे येथे मामाकडे गेले. गुरे राखली, शेती केली. १ फेब्रुवारी १९०५ रोजी घर सोडले. अंगावर चिंध्यांचा अंगरखा, सोबत मातीचे गाडगे. लोक म्हणू लागले गाडगेबाबा.

११/ अमरावती विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर ज्यांचे नाव छापलेले असते, तेच हे. आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात ते नाव असते. खराटा आणि कीर्तन एवढीच त्यांची ओळख शाळेच्या पुस्तकातून उरते. धर्मशाळांचा उल्लेख येतो, पण यादीतील एक ओळ म्हणून. माझ्या मते बाबांच्या कामाचा कणा तोच होता.

१२/ सुरुवात वऱ्हाडातच झाली. भातकुली तालुक्यात पूर्णा नदीकाठी ऋणमोचन हे गाव आहे. पौषातल्या रविवारी तेथे यात्रा भरते. चरित्रकार सांगतात की नदीच्या निसरड्या दरडीवरून म्हातारीकोतारी घसरत, म्हणून डेबूजींनी हाती कुदळ-फावडे घेऊन वाट नीट केली. पुढे तेथे घाट बांधला गेला. देवापेक्षा यात्रेकरूंच्या पायांकडे आधी पाहण्याची ही सवय त्यांना शेवटपर्यंत राहिली. मूर्तिजापुरातही धर्मशाळा झाली. मग नाशिक, देहू, आळंदी आणि पंढरपूर.

१३/ पैसा कोठून आला? कीर्तनातून. गोपालाचा गजर करीत बाबा वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तरे त्यांच्याच तोंडून वदवून घेत. व्यापारी, शेतकरी, मजूर, सगळे देत. बाबांनी स्वतःसाठी काही ठेवले नाही. आपणच बांधलेल्या धर्मशाळेत ते मुक्काम करीत नसत, बाहेर कोठेतरी पथारी टाकत, असेही चरित्रांत येते. प्रबोधनकार ठाकरे यांनी बाबांच्या हयातीतच त्यांचे चरित्र लिहिले, गो. नी. दांडेकर तर तरुणपणी त्यांच्या सहवासात राहिलेले.

१४/ येथे एक अडचणीचा प्रश्न विचारलाच पाहिजे. जातिभेदावर कीर्तनातून आसूड ओढणाऱ्या या माणसाने पंढरपुरात जातींच्या नावाच्या धर्मशाळा का बांधल्या? चोखामेळा धर्मशाळा अस्पृश्यांसाठी होती. शिवाय मराठा धर्मशाळा झाली, परीट धर्मशाळा झाली. हा विरोधाभास नाही काय?

१५/ मला तो व्यवहार वाटतो, आणि त्याची किंमतही होती. वर्गणी जातीजातींतून गोळा होत असे. नाव दिले की पैसे निघत. दुसरे असे की आषाढीच्या रात्री पावसात उभ्या असलेल्या कुटुंबाला समाज बदलेपर्यंत थांबा, असे सांगता येत नाही. त्याला त्याच रात्री छप्पर हवे असते. बाबांनी छप्पर आधी दिले. मात्र वेगळे छप्पर दिल्याने वेगळेपण पक्के होते, हा आक्षेपही खोटा नाही. दोन्ही गोष्टी एकत्र ध्यानात ठेवूनच या इतिहासाकडे पाहावे.

१६/ मग कायदा काय करीत होता? ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे मंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. चवदार तळ्याच्या सत्याग्रहामुळे तो आपल्याला पाणवठ्यांचा ठराव म्हणून ठाऊक आहे. पण त्याच वाक्यात धर्मशाळांचाही समावेश होता. सार्वजनिक पैशातून बांधलेले आणि चालवलेले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा त्याचा आशय होता.

१७/ ‘सार्वजनिक पैशातून’ या शब्दांवर थांबा. तीर्थक्षेत्रांतल्या बहुतेक धर्मशाळा सरकारी नव्हत्या. सावकार, सरदार, जातपंचायती यांच्या दानातून त्या उभ्या राहिल्या होत्या. ठराव त्यांच्या उंबरठ्यापर्यंतही पोहोचत नव्हता. म्हणजे जेथे यात्रेकरूंना गरज सर्वाधिक, तेथेच ठराव लंगडा. अशा ठिकाणी नवी इमारत बांधून मोकळे होणे हा एकच मार्ग उरतो, आणि बाबांनी तो सहा वर्षे आधीच धरला होता. ठरावाची भाषा त्यांना वाचता आली नसती. त्यातली फट त्यांना वाळवंटावर दिसली होती.

१८/ ताजा कलम म्हणून वऱ्हाडची एक आठवण. डिसेंबर १८९७ मध्ये काँग्रेसचे तेरावे अधिवेशन अमरावतीला भरले होते. अध्यक्ष सी. शंकरन नायर, स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे, ६९२ प्रतिनिधी. अधिवेशनाला स्वागत समिती असते आणि पाहुण्यांच्या निवासाची व्यवस्था हे तिचे मोठे काम असते. निमंत्रिताला खोली आधीच ठरलेली असते. यात्रेकरूला स्वागत समिती नसते. बाबांच्या धर्मशाळा ही बिननिमंत्रितांची स्वागत समिती होती, असे म्हटले तर चालेल.

१९/ पुढचा प्रवास झपाट्याने. मे १९४७ मध्ये साने गुरुजींच्या उपोषणानंतर विठ्ठल मंदिर सर्वांना खुले झाले. चोखामेळा धर्मशाळा बाबांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली; यात्रेकरूंच्या वास्तूचा उपयोग आता शिक्षणासाठी व्हावा, ही त्यामागची दृष्टी. बडोद्याच्या बागेत बसलेला तरुण आणि दापुऱ्याचा गुराखी यांच्या वाटा अशा एका धर्मशाळेच्या दारात मिळाल्या.

२०/ १ जून १९५५ रोजी अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियम अमलात आला. त्याचे चौथे कलम मुद्दाम वाचण्यासारखे आहे. त्यात हॉटेल आहे, धर्मशाळा आहे, सराई आहे, मुसाफिरखानाही आहे. प्रवाशाच्या मुक्कामासाठी देशात जेवढे शब्द होते तेवढे कायद्याला नावानिशी लिहावे लागले. एखादे दार निसटायला नको म्हणून. १९७६ पासून हाच कायदा नागरी हक्क संरक्षण अधिनियम या नावाने ओळखला जातो.

२१/ ६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकर गेले. चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, गाडगेबाबांनी अमरावतीजवळ वलगावच्या पेढी नदीच्या पुलापाशी, गाडीत, वाटेवरच देह ठेवला. वय ऐंशी.

२२/ आता रुग्णालयाकडे परत येऊ. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात बाहेरगावचे रुग्ण येत. रुग्णाला खाट मिळे, सोबत आलेल्याला काहीच नसे. त्यांच्यासाठी बाबांच्या नावाची धर्मशाळा तेथे उभी राहिली. परळच्या टाटा रुग्णालयात येणाऱ्या कर्करुग्णांसाठी दादरला आहे. यात्रा बदलली होती. विठ्ठलाच्या जागी डॉक्टर आले होते, वाळवंटाच्या जागी रुग्णालयाबाहेरचा पदपथ. ऐन वेळी, अनोळखी गावात, हातात गाठोडे घेऊन उभा असलेला माणूस मात्र बहुधा तोच होता, आणि बरेचदा आपल्याकडचाच.

२३/ अमरावती एक्स्प्रेस सकाळी दादरला थांबते. जानेवारी २०२५ च्या त्या दिवसांतही थांबत होती. उतरणाऱ्यांत कुणाच्या मोबाइलमध्ये मैफलीचे तिकीट असते, कुणाच्या काखेत एक्स-रेचे मोठे पाकीट. फलाटावरून दोघेही एकाच जिन्याने वर चढतात आणि पुलावर पोहोचले की रात्रीच्या जागेची चौकशी सुरू करतात.