उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर : तीन ग्रामनामे आणि मराठी लेखननियमांचा इतिहास

प्रस्तावना :
'आणि'च्या जागी 'आनि', 'कवी'च्या जागी 'कवि', 'नाव'ऐवजी 'नांव' असे लेखन दिसताच सुशिक्षित वाचकाच्या कपाळावर आठी उमटते. भ्रमणध्वनीवरील संदेशांमुळे असे लेखन आता रोज नजरेस पडते आणि त्यावरून लिहिणाऱ्याची हेटाळणीही होते. ही सर्व रूपे सरसकट 'अशुद्ध' ठरविली जातात. परंतु त्यांच्यामागील कारणे एकसारखी नाहीत. ठाणे जिल्ह्यातील लागोपाठच्या तीन शहरांच्या नावांवरून ही कारणे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

नियमांची वाटचाल :
मोल्सवर्थ यांचा कोश (१८३१) आणि दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे व्याकरण (१८३६) यांमुळे छापील मराठीला स्थिर रूप येऊ लागले. उच्चारात नसलेले, केवळ व्युत्पत्तीने सिद्ध होणारे अनुस्वार लिहावेत की नाहीत, हा वाद मात्र पुढे दीर्घकाळ चालला. १९६१ मध्ये मराठी साहित्य महामंडळाची स्थापना झाली. महामंडळाच्या चौदा नियमांना १९६२ मध्ये राज्य शासनाने मान्यता दिली. १९७२ मध्ये आणखी चार नियमांची भर पडली. या नियमांनी 'नांव', 'पांच' यांवरील अनुस्वार गेले आणि 'कवि'चे 'कवी' झाले. त्यापूर्वी शिकलेल्या पिढीचे 'नांव' हे अज्ञान नसून त्या काळच्या शिस्तीची खूण आहे.

तीन नावे, तीन न्याय :
'अंबरनाथ' हे नाव विकल्पाचे उदाहरण आहे. 'अंबर' हा तत्सम शब्द असल्याने अनुस्वाराऐवजी परसवर्ण योजून 'अम्बरनाथ' लिहिण्यासही नियमांची हरकत नाही. येथे दोन्ही रूपे शुद्ध होत.

'उल्हासनगर' हे रूढीचे उदाहरण होय. संस्कृत शब्द 'उल्लास' असा आहे. मराठीने 'उल्हास' हे रूप स्वीकारले. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वस्ती झालेल्या कल्याण कॅम्पला ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते हे नाव मिळाले. संस्कृतच्या कसोटीवर जी चूक ठरावी, तीच येथे एका शहराची अधिकृत ओळख झाली.

'बदलापूर' हे नियमाचे उदाहरण. ग्रामनामातील 'पूर' दीर्घ लिहावे, असा महामंडळाचा स्वतंत्र नियम आहे. हिंदीत मात्र संस्कृतप्रमाणे 'पुर' ऱ्हस्व राहते. दोन्ही भाषांची लिपी देवनागरीच असल्याने 'बदलापूर' आणि 'बदलापुर' ही दोन्ही रूपे आपापल्या भाषेत योग्य ठरतात. मराठीतही 'बदलापूरला' दीर्घ, पण 'बदलापुरात' ऱ्हस्व, हे सूक्ष्म भान विद्यार्थ्याला ठेवावे लागते.

अध्यापनाच्या दृष्टीने महत्त्व :
या पट्ट्यातील वर्गात आगरी, सिंधी, हिंदी अशा विविध भाषिक पार्श्वभूमीचे विद्यार्थी एकत्र बसतात. आगरी बोलीत 'पाणी'चे 'पानी' आणि 'डोळा'चे 'डोला' होते. सिंधी व हिंदीच्या प्रमाण लेखनात 'ळ' रूढ नाही. अशा विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेतील 'पानी' ही त्याच्या घरातील भाषेची नोंद असते. तिच्यावर केवळ लाल रेघ ओढली, तर लेखन सुधारण्याऐवजी तो लिहिणेच टाळू लागण्याचा धोका संभवतो.

याचा अर्थ नियम निरुपयोगी आहेत, असा नव्हे. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. 'शिक्षक दीन' असा फलक लागला तर एका वेलांटीने समारंभाचा अर्थच पालटतो. प्रमाण लेखन शिकविणे हे अध्यापकाचे कर्तव्यच आहे. प्रश्न केवळ ते कोणत्या भूमिकेतून शिकवावे, एवढाच आहे.

निष्कर्ष :
लेखनातील प्रमाद तपासताना जुन्या नियमाचा अवशेष, बोलीचा वा शेजारभाषेचा प्रभाव आणि निव्वळ निष्काळजीपणा असे तीन प्रकार वेगळे करणे आवश्यक आहे. पहिल्यास इतिहासाची माहिती, दुसऱ्यास बोली आणि प्रमाणभाषा यांतील भेद समजावून देणे आणि तिसऱ्यास सराव, हे उपाय होत. हेटाळणी हा यांपैकी कोणत्याही प्रकारावरील उपाय नाही. ज्या नियमांच्या आधारे आज दुसऱ्याची चूक काढली जाते, ते नियमही १९६२ आणि १९७२ मध्ये घडलेले आहेत, याचे स्मरण अध्यापकाने ठेवणे इष्ट ठरेल.