दिनविशेष : १८ नोव्हेंबर – जनरल मोटर्स पुन्हा शेअर बाजारात

२०१० मध्ये आजच्या दिवशी जनरल मोटर्सचा शेअर ३३ डॉलर भावाने न्यूयॉर्क शेअर बाजारात पुन्हा दाखल झाला. बाजार उघडणाऱ्या घंटेच्या जोडीला कंपनीच्या शेवरोले कमॅरो गाडीच्या इंजिनाचा आवाज घुमला. त्याच्या दीड वर्ष आधी, १ जून २००९ रोजी, याच कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला होता. अमेरिकी सरकारने सुमारे ५० अब्ज डॉलर ओतून जवळपास ६१ टक्के मालकी घेतली. पॉन्टिअ‍ॅक, सॅटर्न, हमर या कंपनीच्या गाड्या बंद पडल्या. हजारो कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. तरीही कंपनीला वाचवण्याचा सरकारचा निर्णय योग्यच होता, कारण एरवी कंपनीपाठोपाठ सुटे भाग पुरवणारे कितीतरी कारखाने बुडाले असते. सरकारने उरलेले शेअर डिसेंबर २०१३ मध्ये विकले, तेव्हा करदात्यांना दहा अब्ज डॉलरहून अधिक तोटा सोसावा लागला.